पैशावर नाव, पण हुकूम कोणाचा?

आज जुन्या नाण्यांवरच्या बायांची गोष्ट सांगते.

पूर्वी राज्य कोणाचं, हे लोकांना नाण्यावरून कळायचं. रोममध्ये इ.स. 54 साली नीरो सोळाव्या वर्षी सम्राट झाला. तेव्हाच्या सोन्याचांदीच्या नाण्यांवर तो आणि त्याची आई अग्रिप्पिना समोरासमोर दिसतात. दर्शनी बाजूला नाव आहे आईचं. पुढच्याच वर्षी तिथे मुलाचं नाव आलं आणि आईचा चेहरा त्याच्या चेहऱ्यामागे गेला. नंतर तोही दिसेनासा झाला. इ.स. 59 मध्ये नीरोने आईला ठार करवलं. रोममध्ये बाईला मत देता येत नव्हतं, राज्यातलं पदही मिळत नव्हतं. तिची जागा मुलाच्या मर्जीवर होती.

आता आपल्या महाराष्ट्रात येऊ. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहनांची राणी नागनिका होऊन गेली. जुन्नर भागात सापडलेल्या चांदीच्या नाण्यावर राजा सातकर्णीसोबत तिचंही नाव आहे. जवळच्या नाणेघाटातल्या लेण्यात राजघराण्याच्या मूर्ती होत्या. आता पायांच्या खुणा उरल्या आहेत, पण वरची नावं वाचता येतात. तिथे आधी राणीचं नाव आहे, मग राजाचं. भिंतीवरच्या मोठ्या लेखात यज्ञांत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, गावं आणि कार्षापण नाण्यांचा हिशेब कोरला आहे.

आपल्या विदर्भातली राणी म्हणजे वाकाटकांची प्रभावतीगुप्ता. सुमारे सोळाशे वर्षांपूर्वी नवरा गेला, मुलं लहान होती. तिने नंदिवर्धन, म्हणजे रामटेकजवळच्या नगरधनहून कारभार चालवला. गावदानाचा तिचा हुकूम तांब्याच्या पत्र्यावर आजही वाचता येतो. त्यात तिने आधी आपल्या माहेरची, गुप्त घराण्याची वंशावळ दिली आहे. नगरधनच्या उत्खननात तिच्या नावाची मातीची मुद्राही सापडली. नाव तिचं होतं आणि हुकूमही तिचाच चालत होता.

हे आज का सांगते? आपल्या गटाच्या पासबुकावर आपलं नाव आहे. पण कर्ज कशासाठी घ्यायचं, हे कोण ठरवतं? धानाचा चुकारा सातबारावर नाव असलेल्याच्या खात्यात जातो. रोवणी आपण करतो, पण किती जणींचं नाव सातबारावर आहे? आणि असलं, तरी पैसे काढायचा निर्णय कोणाचा?

येत्या मासिक सभेत एवढं करा. प्रत्येकीने सांगायचं की मागच्या वेळी खात्यातून पैसे निघाले, तेव्हा सही कोणाची होती आणि ठरवलं कोणी. उत्तरं गटाच्या वहीत लिहून ठेवा. पुढच्या वर्षी तीच वही पुन्हा उघडून पाहू.