छावणीची वंशावळ

हैदराबाद संस्थानाला समुद्रकिनारा नव्हता, तरी ‘निझाम’ नावाची विनाशिका दुसऱ्या महायुद्धात लढली. बांधणीचा पैसा सातवे निझाम मीर उस्मान अली खान यांचा, मालकी ब्रिटिश आरमाराची आणि खलाशी ऑस्ट्रेलियाचे. जुलै १९४० मध्ये स्कॉटलंडच्या क्लाइडबँकला ती पाण्यात उतरली आणि ८ जानेवारी १९४१ ला सेवेत रुजू झाली. त्याच वर्षी मे महिन्यात तिने क्रीट बेटावरून सैनिक सोडवून आणले, मग वेढ्यातल्या तोब्रुकला रसद पोहोचवली. पुढे ती हिंदी महासागरात आणि नंतर पॅसिफिकमध्ये गेली. फेब्रुवारी १९४५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या नैर्ऋत्य टोकाजवळ, केप ल्यूविनपाशी, एका प्रचंड लाटेने ती जवळजवळ आडवी केली. दहा खलाशी वाहून गेले. शत्रूच्या तोफांनी जे केलं नाही ते पाण्याने केलं. जपान शरण आला तेव्हा ती टोकियोच्या उपसागरात होती.

पैसा एकाचा, हुकूम दुसऱ्याचा आणि नाव पैसेवाल्याचं, ही वाटणी आपल्या औरंगाबाद शहराला जुनी ओळखीची. १७९८ च्या तैनाती करारापासून निझामाची दोस्ती अशीच चालत आली. १८०३ मध्ये असईच्या रणांगणावर इंग्रज सेनापती वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजांचा पराभव केला, तेव्हाही निझाम इंग्रजांच्या बाजूला होता. पुढे ‘हैदराबाद कंटिन्जंट’ उभी राहिली. तिचे अधिकारी इंग्रज आणि पगार निझामाचा. औरंगाबादची छावणी तिचंच एक ठाणं. पगाराची थकबाकी इतकी साचली की १८५३ मध्ये वऱ्हाडचा महसूल इंग्रजांकडे सोपवावा लागला. मित्राकडून याहून महाग सौदा क्वचितच कुणी केला असेल! १८५७ मध्ये याच छावणीतल्या घोडदळाने बंड केलं. काळ्या चबुतऱ्यावर त्यांतल्या काहींना देहदंड झाला. शेजारच्या चौकाला आज आपण क्रांती चौक म्हणतो.

एवढं सगळं होऊनही दोस्ती टिकली आणि विसाव्या शतकात यंत्रांवर चढली. १९१८ मध्ये ब्रिटिश हवाई दलाच्या ११० व्या स्क्वॉड्रनची ‘डीएच-९ए’ बॉम्बर विमानं निझामाच्या देणगीची होती. प्रत्येकावर त्याचं नाव रंगवलेलं, इंजिन मात्र अमेरिकन ‘लिबर्टी’. त्याच वर्षी निझामाला ‘एक्झाल्टेड हायनेस’ हा किताब आणि ‘विश्वासू मित्र’ हे बिरुद मिळालं. दुसऱ्या महायुद्धात १५२ व्या ‘हैदराबाद’ स्क्वॉड्रनची स्पिटफायर विमानं इंग्लंडच्या आकाशात लढली. तिच्या बोधचिन्हावर निझामाची पगडी आणि ब्रीद तेच, ‘विश्वासू मित्र’.

या देणग्यांचा पैसा कुठल्याही खात्यातून निघो, संस्थानाच्या तिजोरीचा मोठा आधार शेतसारा होता, आणि ‘सर्फ-ए-खास’ ही निझामाची खासगी मिळकतसुद्धा सारा भरणाऱ्या रयतेवरच उभी होती. कापूस आणि ज्वारी पिकवणारा मराठवाडा त्या रयतेतलाच. म्हणून ‘निझाम’ नौका नुसती राजाची हौस म्हणून सोडून देता येत नाही.

‘निझाम’ १९५५ मध्ये भंगारात निघाली. पहिल्या महायुद्धातल्या त्या ‘डीएच-९ए’ विमानांपैकी एक मात्र वाचलं. ५ ऑक्टोबर १९१८ ला ते जर्मनांच्या हाती पडलं, बर्लिनच्या संग्रहात गेलं, तिथून पोलंडमध्ये क्राकोला पोहोचलं. १९७७ मध्ये ब्रिटिशांनी एक स्पिटफायर मोबदल्यात देऊन ते परत आणलं. मराठवाड्यातलं कुणी लंडनला गेलं, तर हेंडनच्या हवाई दल संग्रहालयात ते जरूर पाहावं.