वासाचा माग : न्यायदर्शनापासून कामगंध सापळ्यापर्यंत

जयसिंगपुरात बसून कृष्णाकाठच्या वांग्याचं नाव काढायला कुणाची हरकत नसावी. आज मात्र आपण त्या वांग्यातल्या अळीपासून सुरुवात करू. शेंडा आणि फळ पोखरणारी ही अळी एकदा आत शिरली की फवारा तिच्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून वांग्यात कामगंध सापळे लावतात. सापळ्यातल्या गोळीला मादी पतंगाचा वास असतो; नर येतो आणि अडकतो. हा वास माणसाच्या हाती कसा लागला?

आम्ही तत्त्वज्ञानाची माणसं, तेव्हा आधी न्याय-वैशेषिकांकडे जाऊ. त्यांच्या मते गंध हा गुण आहे, आणि गुण आपलं द्रव्य सोडून हिंडत नाही. मग दूरच्या फुलाचा वास नाकाशी येतो कसा? तर फुलाचे सूक्ष्म कणच वाऱ्यावर येतात. प्रयोगशाळा नव्हती, होता तो तर्क.

प्रयोग केले फ्रान्सच्या फाब्र यांनी, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. पिंजऱ्यातल्या एका मादीसाठी रात्री चाळीसेक नर त्यांच्या घरात शिरले. पुढे दुसऱ्या जातीची मादी त्यांनी बंद काचपात्रात ठेवली. ती समोर दिसत होती; नर मात्र ती आधी जिथं बसली होती तिथंच जमले!

1959 साली जर्मनीत बुटेनान्ट यांनी रेशीमकिड्याच्या सुमारे 5 लाख पतंग-माद्यांपासून हा पदार्थ वेगळा काढला. हाती आले जेमतेम काही मिलिग्रॅम. त्याच वर्षी ‘फेरोमोन’ हा शब्द घडला. नराच्या मिशांवरच्या केसांना अतिसूक्ष्म छिद्रं असतात. त्यांतून रेणू आत शिरतो, चेतापेशी जागी होते, आणि पतंग वाऱ्याच्या उलट दिशेनं वासाचा माग काढतो. म्हणजे वाऱ्यावर कण येतात, हे खरंच होतं.

पण नर मादीला ओळखतो का? शिंपल्यात चांदी भासावी, तशी गोळीत त्याला मादी भासते. त्याच्या या भ्रमावर आपण पीक राखतो.

यालाही मर्यादा आहे. सापळ्यात येतो तो फक्त नर. शेजारच्या रानात मिलन झालेली मादी उडत येऊन आपल्या वांग्यावर अंडी घालते. तिला गोळीचं काय? म्हणून एकट्याच्या रानातले सापळे पुरत नाहीत. सगळ्या शिवारानं ते एकाच वेळी लावायला हवेत, किडके शेंडे-फळं खुडून नष्ट करायला हवीत. बांधावरून भांडायची सवय आपली. पतंगाला बांध ठाऊक नाही.

इथं थांबू या.