आकाशवाणीचा कौटुंबिक दिवस (१९५० चे दशक)
मुंबई-पुणे केंद्रांचा दिवस वॉल्टर कॉफमन यांच्या संकेतधुनीने उजाडे. प्रसारण अखंड नसे. सकाळ, दुपार, संध्याकाळ अशा सभा असत. बातम्या सर्वांच्या, गृहिणी, कामगार, शेतकरी, मुले यांचे कार्यक्रम मात्र वेगळे.

रेडिओ घरात एकच, तोही टपाल खात्याचा परवाना काढलेला. त्यामुळे आजीलाही मुलांचा कार्यक्रम ऐकावा लागे!

कळस ‘गीतरामायणा’चा. पुणे केंद्रावर १ एप्रिल १९५५ पासून दर आठवड्याला नवे गीत येई : शब्द ग. दि. माडगूळकरांचे, चाली सुधीर फडके यांच्या, गायक अनेक. वर्षाची ५२ गीते ठरली होती, अधिक मासामुळे ती ५६ झाली. काही घरांत रेडिओला हार घालून, उदबत्ती लावून मंडळी ऐकायला बसत.

सिनेगीतांसाठी मात्र कान रेडिओ सिलोनकडे. ते श्रोते परत आणायला ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीची विविध भारती ही सेवा सुरू झाली.