२८ सप्टेंबर : थाळनेरची नात पडद्यावर

१९२९ : लता मंगेशकर यांचा इंदूरला जन्म. आई शेवंती, म्हणजे माई, तापीकाठच्या थाळनेरच्या लाड घराण्यातल्या. त्यामुळे धुळे जिल्हा लताबाईंचं आजोळ. आजीकडूनच त्यांनी गरब्याची गाणी उचलली. एप्रिल १९४२ मध्ये वडील मास्टर दीनानाथ गेले आणि साडेबारा वर्षांच्या या गाणाऱ्या मुलीला घर चालवायला तोंडाला रंग लावावा लागला. दिग्दर्शक मास्टर विनायकांनी ‘पहिली मंगळागौर’ या चित्रपटात काम दिलं. भुवया रुंद दिसतात म्हणून त्या कातरल्या, कपाळावरचे केसही काढले. पोर रडतच घरी आली. पुढे ‘माझं बाळ’, ‘गजाभाऊ’, आणि नूरजहाँसोबत ‘बडी माँ’ (१९४५). मेकअप, दिवे यांत जीव कधी रमलाच नाही. पार्श्वगायनाची कामं मिळू लागताच त्यांनी अभिनय सोडला.