पडद्याची हरवलेली उंची

‘चौदा इंची लॅपटॉप’ म्हटलं की पडद्याचं माप सांगून झालं, असा दुकानात बहुतेकांचा समज असतो. प्रत्यक्षात हा आकडा एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतच्या तिरक्या रेषेचा आहे. ती रेषा तेवढीच ठेवून पडदा जितका लांबट करावा, तितकं त्याचं क्षेत्रफळ घटतं. ४:३ प्रमाणातला चौदा इंची पडदा साधारण ९४ चौरस इंच भरतो. १६:९ प्रमाणात तो ८४ चौरस इंचांवर येतो. उंची ८.४ इंचांवरून ६.९ इंचांवर उतरते. हा दीड इंच वाचणाऱ्या-लिहिणाऱ्याच्या कामाचा होता. तो गेला, तेव्हा त्याला कुणी विचारलं नव्हतं.

तसं ४:३ हे प्रमाणही संगणकाचं स्वतःचं नव्हे. एडिसनच्या प्रयोगशाळेत विल्यम डिक्सन यांनी १८९० च्या दशकाच्या आरंभी ३५ मिलिमीटर फिल्मवर चार छिद्रांच्या उंचीची, म्हणजे ४:३ ची चौकट बसवली आणि मूकपटांनी जगभर तीच स्वीकारली. दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला, ‘राजा हरिश्चंद्र’ घडवला, तोही ३५ मिलिमीटर फिल्मवरच. पुढे दूरचित्रवाणीने सिनेमाची चौकट घेतली आणि संगणकाने दूरचित्रवाणीची काचेची नळी. उसना आलेला हा आकार मजकुराला मात्र चांगला मानवला.

सोबत नेता येईल असा संगणक आला, तेव्हा पडद्याचे फारच हाल होते. १९८१ च्या ऑसबॉर्न १ चं वजन सुमारे ११ किलो आणि पडदा अवघा पाच इंची. १९८२ च्या ग्रिड कंपासला डिझायनर बिल मॉग्रिज यांनी मिटणारं झाकण दिलं आणि लॅपटॉपला आजचं रूप आलं. पण किंमत आठ हजार डॉलरच्या वर, त्यामुळे तो सामान्यांच्या हाती कधी लागलाच नाही. पुढच्याच वर्षी आलेल्या टीआरएस-८० मॉडेल १०० ने वेगळी वाट धरली. त्याच्या पडद्यावर फक्त आठ ओळी, एका ओळीत चाळीस अक्षरं. तरी अमेरिकेतल्या बातमीदारांनी तो डोक्यावर घेतला, कारण साध्या पेन्सिल सेलवर चालणाऱ्या या यंत्रातून बातमी टाइप करून टेलिफोनच्या तारेवरून थेट कचेरीत पाठवता येई. मात्र आपलीच बातमी आठ-आठ ओळींच्या तुकड्यांत तपासणं किती जिकिरीचं असेल, याची कल्पना रोज लिहिणाऱ्या कुणालाही करता येईल. १९९२ च्या थिंकपॅड ७००सी वर १०.४ इंची रंगीत पडदा आला, ४:३ प्रमाणात, आणि लॅपटॉपवर बसून तासन्‌तास काम करणं सुसह्य झालं.

मग पडदा रुंदावू लागला. सोनीने १९९८ मध्ये पिक्चरबुक काढला, त्याचा पडदा १०२४ बाय ४८० ठिपक्यांचा, म्हणजे उंचीच्या दुपटीहून रुंद. अॅपलने २००१ च्या टायटॅनियम पॉवरबुकवर ३:२ प्रमाण आणलं आणि त्यानंतर काही वर्षं १६:१० चं राज्य चाललं. त्या काळाबद्दल तक्रार करण्याजोगं फारसं काही नाही. मोठ्या पडद्यावर दोन पानं शेजारी-शेजारी मांडता येत आणि उंचीही पुरेशी उरत असे.

खरी काटछाट १६:९ ने केली. हे प्रमाण १९८० च्या दशकात केर्न्स पॉवर्स या अमेरिकी अभियंत्याने सुचवलं. सिनेमा आणि दूरचित्रवाणीतल्या निरनिराळ्या चौकटींचे समान क्षेत्रफळाचे आयत त्यांनी एकावर एक ठेवले. ते सगळे १.७७, म्हणजेच १६:९ प्रमाणाच्या एकाच आयतात सामावले. जुना चित्रपट असो वा अतिरुंद पडद्याचा, दोन्हींना कमीत कमी अन्याय होईल अशी ती तडजोड होती आणि दूरचित्रवाणीसाठी ती खरोखर विचारपूर्वक केलेली होती. लॅपटॉपवर ती २००८ च्या सुमारास आली, ती मात्र कारखान्याच्या हिशेबाने. पडदे काचेच्या अवाढव्य तक्त्यांतून कापले जातात. दूरचित्रवाणी संच, मॉनिटर आणि लॅपटॉप सगळ्यांचा आकार एक ठेवला, तर उत्पादन सोपं आणि स्वस्त होतं. बघता बघता १३६६ बाय ७६८ ठिपक्यांचा पडदा स्वस्त लॅपटॉपची ओळखच बनला.

यात मराठी लिहिणाऱ्याचं नुकसान थोडं जास्तच झालं. देवनागरीत वेलांट्या, मात्रा, रफार शिरोरेघेच्या वर जातात. उकार आणि काही जोडाक्षरं खाली उतरतात. म्हणून दोन ओळींत अंतर अधिक लागतं आणि तेवढ्याच उंचीत रोमन लिपीपेक्षा कमी ओळी मावतात. त्यात वर्डच्या २००७ च्या आवृत्तीपासून पानाच्या माथ्यावर बटणांची जाड पट्टी आली, तळाशी विंडोजची पट्टी होतीच. ७६८ ठिपक्यांतून हे सगळं वजा केल्यावर लेखाचं पान एका नजरेत दिसायची आशाच उरत नाही.

गेलेली उंची मिळवायचे दोन मार्ग होते. एक सरळ: पडदाच उंच करायचा. गूगलच्या क्रोमबुक पिक्सेलने २०१३ मध्ये ३:२ पडदा दिला, मायक्रोसॉफ्टच्या सरफेस प्रो ३ ने २०१४ मध्ये तेच केलं. २०२० मध्ये डेलचा एक्सपीएस १३ आणि २०२१ मध्ये थिंकपॅड एक्स१ कार्बन १६:१० वर आले.

दुसरा मार्ग म्हणजे पडदेच दोन करायचे. ही कल्पना खेळण्यांत आधी रुजली. निन्टेन्डोने गेम अँड वॉचचा दोन पडद्यांचा ‘डाँकी काँग’ १९८२ मध्ये विकला आणि २००४ च्या डीएसवर तीच रचना पुन्हा आणली. तिथे ती चालली, कारण प्रत्येक खेळ दोन पडद्यांसाठीच बांधलेला असे. तोशिबाच्या २०१० च्या लिब्रेटो डब्ल्यू१०० वर सात इंची दोन पडदे होते, पण कळफलकही काचेवरच. एसरच्या आयकोनियानेही चौदा इंची दोन पडदे दिले आणि बोटांना खऱ्या कळांपासून तोडलं. क्योसेराचा २०११ चा एको फोन मोजक्याच अॅप्सना दोन्ही पडद्यांवर चालवू शके. त्याच्या खोक्यात जादा बॅटरी घालून द्यावी लागली.

या परंपरेतलं सर्वांत देखणं यंत्र म्हणजे मायक्रोसॉफ्टचा सरफेस ड्युओ. सप्टेंबर २०२० मध्ये, १३९९ डॉलरला आलेला हा फोन वहीसारखा उघडे, ५.६ इंची दोन पडदे, दोन्ही ४:३, आणि उघडल्यावर जाडी ४.८ मिलिमीटर. एका बाजूला पत्र, दुसऱ्या बाजूला त्याचं उत्तर, अशी सोय तोवर फोनमध्ये कुणी इतक्या नेटकेपणाने केली नव्हती. पण सॉफ्टवेअर अडखळत होतं, कॅमेरा सामान्य होता आणि अॅप बनवणारे दोन पडद्यांसाठी वेगळे कष्ट घ्यायला राजी नव्हते. तीन वर्षांनी त्याचे अपडेट थांबले. त्याच सुमारास भारतातही विकायला आलेल्या एलजी विंगचा वरचा पडदा फिरून आडवा होई. एप्रिल २०२१ मध्ये एलजीने मोबाइलचा धंदाच बंद करत असल्याचं जाहीर केलं. सॅमसंगच्या गॅलेक्सी फोल्डची पहिली यंत्रं २०१९ मध्ये परीक्षकांच्या हाती बिघडली, विक्री पाच महिने लांबली; पण मधली फट नसलेला, स्वतःच दुमडणारा पडदा टिकला आणि बाजार तिकडे वळला.

लॅपटॉपमध्ये मात्र दोन पडद्यांना अजून जागा आहे. आसुसच्या २०२४ च्या झेनबुक ड्युओवर चौदा इंची दोन पडदे आहेत आणि खऱ्या कळांचा कळफलक सुटा निघतो. खऱ्या कळा हव्यातच, हा धडा लिब्रेटोपासून इथवर यायला चौदा वर्षं लागली. लेनोवोने २०२५ मध्ये आणखी एक पाऊल टाकलं. थिंकबुकच्या गुंडाळता येणाऱ्या पडद्याच्या आवृत्तीत चौदा इंची पडदा मोटरच्या जोरावर वर सरकतो आणि १६.७ इंची होतो. मिटलेल्या अवस्थेत त्याचं प्रमाण ५:४, म्हणजे जुन्या ४:३ हूनही चौरस. पूर्ण वर आल्यावर ८:९, रुंदीपेक्षा उंची जास्त. किंमत तेव्हा साडेतीन हजार डॉलरच्या घरात होती.