तळटीप ७ : ‘आधी माझ्या सरीला वाढा’

७. मजकुरातल्या आजीचा हा टोमणा शुक्रवारच्या कहाणीतला आहे. श्रावणात जिवतीच्या पूजेनंतर घरातली थोरली बाई ती सांगते. लेकीसुना मुठीत अक्षता धरून ऐकतात. कहाणीतला श्रीमंत भाऊ गरीब बहिणीला पंगतीतून उठवतो. पुढे तिचे दिवस पालटतात, तो सन्मानाने बोलावतो. ती गळ्यातली सरी आणि बाकीचे दागिने उतरवून पाटावर मांडते आणि एकेक घास त्यांवर ठेवते. जेवण तिला नव्हे, दागिन्यांना होतं! माहेरी आपला मान कशावर ठरतो, हे परकरी पोरीला लग्नाआधीच उमगायचं. तीच पोर सासरी गेली की कहाणी दुसऱ्या गावात रुजायची. म्हणून ऐकण्यात थोडाफार फरक सापडतो.

असं तोंडी धन छापील रूपात आणणाऱ्या डॉ. सरोजिनी बाबर (जन्म १९२०) या आजीच्या माहेरच्याच मुलखातल्या, बागणीच्या. बागणी तेव्हा सातारा जिल्ह्यात होती. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला, १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. लेखिकेच्या आजीचं ‘साताऱ्याकडचं माहेर’ त्या अर्थाने वाचावं. — संपा.