मानमोडी, राणीखेत आणि शंभर डोसांची बाटली



चैत्र लागला, गावोगावच्या जत्रा सुरू झाल्या, की माझी आजी कोंबड्यांवर डोळा ठेवून असायची. सकाळी खुराडं उघडल्यावर एखादी कोंबडी बाहेर न पळता पंख पाडून कोपऱ्यात बसलेली दिसली, की आजी कपाळाला हात लावायची. मग हिरवट-पांढरी हगवण, चोच उघडी टाकून धाप, आणि दोन-तीन दिवसांत मान वाकडी. आठवड्यात खुराडं रिकामं. एका वर्षी 14 कोंबड्यांतली एक खुडूक तेवढी वाचली होती. आजी एवढंच म्हणायची, "मानमोडी आली."

घरात बैल आजोबांचे, म्हैस सगळ्यांची, पण कोंबड्या आजीच्या. बाजारच्या दिवशी अंडी विकून मीठ-मिरची यायची, आमच्या वह्या यायच्या. तिला कुणापुढे हात पसरावा लागत नसे. म्हणून कोंबड्यांची मर हा तिचा एकटीचा दुष्काळ होता. त्याचा कधी पंचनामा झाला नाही.

मानमोडी हे नाव जुनं. 1918 साली माणसांत इन्फ्लुएन्झाची साथ आली, तिलाही आपल्या मुलखात मानमोडीच म्हणत. रोग वेगळा, नाव एकच. कोंबड्यांच्या मानमोडीचं कागदोपत्री नाव राणीखेत. 1926 साली इंग्लंडात न्यूकॅसल शहराजवळ आणि तिकडे जावा बेटावर हा रोग नोंदला गेला, म्हणून जगात त्याला न्यूकॅसल म्हणतात. पुढच्या एक-दोन वर्षांत कुमाऊँच्या डोंगरातल्या राणीखेतला तो सापडला आणि आपल्याकडे तेच नाव चिकटलं.

या गोष्टीत आपलं पुणंही आहे. जनावरांच्या रोगांचा अभ्यास करायला इंग्रज सरकारने 1889 साली पुण्यात प्रयोगशाळा काढली. रोगजंतूंचं काम भरवस्तीत नको, थंड आणि एकांताची जागा हवी, म्हणून 1893 साली ती कुमाऊँतच मुक्तेश्वरला हलवली. आजची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था ती हीच. तिथे 1940 च्या दशकात राणीखेतची लस तयार झाली. रोगाचा विषाणू उबवणीच्या अंड्यांत पुन्हा पुन्हा वाढवून नरम केला, आणि तोच लस म्हणून टोचला. आज आपण जिला आर-टू-बी म्हणतो ती याच घराण्यातली.

आता हिशेब बघा. आजी लग्न होऊन या घरात आली तेव्हा लस निघालेली होती. आजी गेली तोवर ती आमच्या खुराड्यापर्यंत पोचली नव्हती.

का? नुसता दवाखान्याला दोष देऊन भागत नाही. लसीची बाटली साधारण 100 डोसांची. ती बर्फात ठेवायची, आणि एकदा द्रावण केलं की दोनेक तासांत संपवायची, उरली तर वाया. 1970 नंतर आपल्याकडे मोठे पोल्ट्री फार्म वाढले. एका शेडमध्ये हजारो पक्षी, तिथे ही बाटली बरोबर बसते. आठ कोंबड्यांच्या घरी 92 डोस ओतून द्यावे लागतात. एका बाईसाठी बाटली कोण फोडणार? मी स्वतः एकदा तालुक्याच्या दवाखान्यातून असाच रिकाम्या हाताने परत आलोय.

आणि आपल्याही चुका होत्याच. मर पडली की आजी धडधाकट कोंबड्या डालग्यात घालून माहेरी पाठवायची. हेतू चांगला, पण दिसायला धडधाकट कोंबडीसुद्धा रोग घेऊन जाते. कुणी आजारी कोंबडी घाईने बाजारात विकायचं, कुणी मेलेली ओढ्यात टाकायचं. जत्रेच्या दिवसांत कोंबड्यांची ने-आण वाढते आणि रोगही गावोगाव हिंडतो.

2006 साली फेब्रुवारीत नवापूरला बर्ड फ्लू निघाला, भारतातला पहिला. मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यातल्या गावांत परसातल्या कोंबड्यांतही सापडला. तेव्हा सरकारी पथकं दारोदार फिरली, कोंबड्या मारून पुरल्या. माणसाला धोका होता, ते करणं भागच होतं. पण एक कळलं. मनात आणलं तर यंत्रणा प्रत्येक खुराड्यापर्यंत पोचू शकते. मारायला पोचली, तशी वाचवायलाही पोचेल, पण त्यासाठी खुराडी एकत्र यावी लागतील.

आमच्या वस्तीवर आम्ही तेच केलं. 12 घरं, मोजून 96 कोंबड्या. बायकांनीच यादी केली, कारण कुणाची तलंग कुठली, कोंबडा कुठला, हे त्यांनाच ठाऊक. आठवडाभर आधी सगळ्यांना जंताचं औषध दिलं. ठरल्या दिवशी पहाटे, कोंबड्या सोडायच्या आत, डॉक्टर बर्फाचा डबा घेऊन आले. दीड तासात काम झालं, बाटली जवळजवळ पूर्ण लागली. लहान पिल्लं आर-टू-बीला चालत नाहीत. त्यांना पहिल्या आठवड्यात लासोटाचा थेंब डोळ्यात-नाकात, आणि आर-टू-बी साधारण आठव्या आठवड्यात. आजारी पक्षी टोचायचा नाही. हे सगळं डॉक्टरांना विचारूनच करा.

त्या उन्हाळ्यात आमच्या वस्तीवर मर पडली नाही. एका वर्षावरून मी मोठं बोलणार नाही, लस पुन्हा पुन्हा द्यावी लागते. पुढची फेरी पोळ्यानंतर धरलीय.

तुमच्या वस्तीवर किती कोंबड्या आहेत ते एकदा मोजा. शंभराच्या आसपास भरल्या, तर एक बाटली तुमचीच आहे.